नोकर एकच असला तरी निवृत्तिवेतनाचे कर्तव्य हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुनी पेन्शन, राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली आणि 1 एप्रिल 2025 पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी आलेली एकीकृत निवृत्तिवेतन योजना यांविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहून येते. मार्च 2023 मध्ये राज्य सरकारी कर्मचारी संपावर गेले तेव्हा तर घरोघरी तोच विषय होता. त्या मागणीच्या बऱ्यावाईटात मला येथे शिरायचे नाही. परंतु जळगावच्या सराफ बाजारात वीस वर्षे एकाच पेढीवर बसणारा मुनीम, औद्योगिक वसाहतीतल्या चटईच्या कारखान्यात यंत्रावर उभा राहणारा कामगार, सावदा-फैजपूरकडे केळीच्या वखारीत घड धुऊन खोकी भरणाऱ्या बाया किंवा दोंडाईचा-नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर उन्हातान्हात राबणारी कुटुंबे यांना जुनी पेन्शनही नाही आणि नवीही नाही, आणि या साऱ्या चर्चेत त्यांचा उल्लेखही कोणी करत नाही. यांतल्या बहुतेकांच्या मालकावर कायद्याने निवृत्तिवेतनाची कसलीही जबाबदारी नाही. कारण एवढेच, की त्या मालकाच्या मस्टरवर वीस नावे नाहीत.

मी जळगावात लहान दुकाने व कारखान्यांचे हिशेब आणि करविवरणपत्रे पाहतो. माझे अशील मालक आहेत, कामगार नव्हेत. तेव्हा मी मालकांची बाजू मांडीन अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती गैर नाही, आणि पुढे ती मी मांडणारही आहे. तरीसुद्धा माझे मत असे झाले आहे, की पगारावर एक माणूस ठेवणाऱ्या मालकावरही त्या माणसाचे नाव निवृत्तिवेतनाच्या खात्यात घालण्याचे आणि त्यात आपला वाटा भरण्याचे कर्तव्य असले पाहिजे. मात्र ते कर्तव्य ज्या मार्गाने पार पाडायचे, तो मार्ग त्या एका माणसाच्या मालकाला झेपेल असा सरकारने आधी बांधून दिला पाहिजे.

वीसचा हा आकडा आला कुठून, हे पाहण्यासारखे आहे. खासगी नोकरांची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना ज्याला जोडलेली आहे तो भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 चा. तो सुरुवातीला सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड या सहाच उद्योगांतल्या कारखान्यांना, आणि तेही पन्नास किंवा अधिक माणसे असतील तरच, लागू होता. 1960 च्या दुरुस्तीने पन्नासचे वीस झाले. पुढे उद्योगांची यादी वाढत गेली, दुकाने, उपाहारगृहे, शाळा त्यात आल्या, पण वीसचा आकडा हलला नाही. 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली, तिनेही भविष्य निर्वाह निधीपुरता तो तसाच ठेवला. ज्या काळात हा आकडा ठरला त्या काळी खान्देशातला पगारी कामगार म्हणजे प्रामुख्याने गिरणी कामगार होता: जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल. एका भोंग्यावर शेकडो माणसे आत जात, तेव्हा वीसची अट कोणाला अडवत नव्हती. ते भोंगे थांबून कित्येक वर्षे झाली. त्या कामगारांची मुले आणि नातवंडे आज पाच-सात माणसांच्या डाळ मिलमध्ये, तीन माणसांच्या मोबाइल दुकानात, चौघांच्या गॅरेजमध्ये, कापडाच्या दुकानाच्या गादीवर काम करतात. काम विखुरले, पण कायद्याची मोजपट्टी गिरणीचीच राहिली.

या मोजपट्टीचा परिणाम काय होतो, हे माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, जरी त्याविषयी उघड बोलण्याची पद्धत नाही. अठरा-एकोणीस माणसांवर पोहोचलेला मालक विसावा माणूस घेताना थबकतो. काही जण धंद्याचे दोन भाग करतात, एक स्वतःच्या नावाने, दुसरा पत्नीच्या किंवा मुलाच्या; काही जण माणसे ठेकेदाराच्या नावावर दाखवतात. कायद्याला हे अपेक्षित नव्हते असे नाही. एकाच आस्थापनेचे विभाग आणि शाखा एकत्र धराव्यात, ठेकेदारामार्फत घेतलेली माणसेही मोजावीत, अशी तरतूद जुन्या कायद्यात होतीच. पण ती सिद्ध करायला अधिकारी, तपासणी आणि वर्षानुवर्षे चालणारी प्रकरणे लागतात. शिवाय एकदा आस्थापना कक्षेत आली की नंतर माणसे कमी झाली तरी ती बाहेर पडत नाही, त्यामुळे मंदीत धंदा आकसला तर काय, ही भीतीही असते. मालक लबाड असतात म्हणून हे घडते, असे मला वाटत नाही. एकोणिसाव्या माणसापर्यंत शून्य आणि विसाव्या माणसापासून सगळ्यांचे सगळे, असा कडा जिथे असेल तिथे माणूस कड्याच्या अलीकडेच घर बांधणार.

माझा भाचा इंग्लंडमध्ये लेस्टरला खाद्यपदार्थांचे लहान दुकान चालवतो. त्याच्याकडे तीन माणसे आहेत. त्या तिघांसाठी त्याला काय काय करावे लागते, याची माहिती मी व्यवसायाच्या कुतूहलाने त्याच्याकडून घेतली आणि नंतर मुळातून वाचली. तिथे 2008 च्या पेन्शन कायद्याने प्रत्येक मालकावर हे कर्तव्य टाकले आहे. त्यात मोठ्या दुकानांची साखळी येते, कोपऱ्यावरचा न्हावी येतो, आणि अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या देखभालीसाठी एक बाई पगारावर ठेवणारे कुटुंबसुद्धा येते. ज्या कंपनीत एकच संचालक आहे आणि दुसरा कोणीही नोकर नाही, तिच्यासारखे मोजके अपवाद आहेत. 22 वर्षांवरील आणि सरकारकडून मिळणाऱ्या वृद्धापकाळाच्या पेन्शनच्या वयाखालील ज्या कामगाराची त्या मालकाकडील कमाई वर्षाला 10,000 पौंडांहून अधिक आहे, त्याचे नाव मालकाने आपण होऊन पेन्शन योजनेत घालायचे. कामगाराने अर्ज करावा लागत नाही. त्याहून कमी कमावणाऱ्यानेही मागणी केली तर त्याला योजनेत घ्यावेच लागते, आणि त्याची कमाई 6,240 पौंडांपेक्षा अधिक असेल तर मालकाला आपला वाटाही भरावा लागतो.

वर्गणीचा हिशेब साधा आहे. कमाईतल्या 6,240 ते 50,270 पौंडांमधल्या भागावर एकूण किमान आठ टक्के भरायचे, त्यांपैकी मालकाचे किमान तीन टक्के. उरलेले पाच कामगाराचे, ज्यात करसवलतीच्या रूपाने सरकारचा एक टक्का असतो. वर्षाला 16,240 पौंड कमावणारा कामगार धरला, तर 10,000 पौंडांवर आकारणी होते. मालक 300 भरतो, कामगाराच्या पगारातून 400 जातात, सरकारकडून 100 येतात. नाव नोंदवल्यावर सहा आठवड्यांत कामगाराला पत्राने कळवायचे आणि कर्तव्य सुरू झाल्यापासून पाच महिन्यांत, आपण ते पार पाडले आहे असे घोषणापत्र पेन्शन नियामकाकडे द्यायचे. ज्या कामगाराला नको असेल त्याने एका महिन्यात बाहेर पडावे, त्याचे पैसे परत मिळतात. पण दर तीन वर्षांनी मालकाने त्याला पुन्हा आत घ्यायचे आणि त्याने पुन्हा ठरवायचे. बाहेर पड, असे मालकाने सुचवणे किंवा त्यासाठी आमिष दाखवणे हा कायद्याचा भंग आहे.

तिथल्या मालकांनीही सुरुवातीला कुरकुर केली असेलच. पण ज्या क्रमाने ही गोष्ट आणली गेली तो क्रम शहाणपणाचा होता. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वांत मोठ्या मालकांपासून आरंभ झाला. तीसपेक्षा कमी माणसांच्या मालकांची पाळी जून 2015 नंतर आली. आणि ऑक्टोबर 2017 पासून नव्या मालकाने पहिला माणूस कामावर घेतला त्या दिवसापासून कर्तव्य सुरू होते. दरही आठ टक्क्यांपासून सुरू झाला नाही. पहिली साडेपाच वर्षे तो एकूण दोन टक्के होता, त्यांपैकी मालकाचा एकच. एप्रिल 2018 मध्ये पाच आणि एप्रिल 2019 मध्ये आठ झाला. आज एक कोटीहून अधिक माणसे या मार्गाने पेन्शन योजनेत आली आहेत, आणि नाव घातल्यावर बाहेर पडणारा दहातला एखादाच निघतो.

मला सर्वांत मोलाची वाटली ती मात्र दुसरीच गोष्ट. तीन माणसांच्या दुकानदाराला कोणती विमा कंपनी दारात उभे करणार? त्याच्या वर्गणीवर तिला काही सुटत नाही. हे ओळखून तिथल्या सरकारने ‘नेस्ट’ नावाची सार्वजनिक पेन्शन संस्था आधी उभी केली आणि जो मालक येईल त्याला स्वीकारण्याचे बंधन तिच्यावर घातले. मालकाकडून ती काही घेत नाही. खर्च कामगाराच्या वर्गणीतून 1.8 टक्के आणि साठलेल्या रकमेवर वर्षाला 0.3 टक्के असा वसूल होतो. कर्तव्य सर्वांवर टाकायचे असेल तर ते पार पाडण्याची जागा सर्वांसाठी खुली हवी, हे तत्त्व आपण उचलण्यासारखे आहे. दंडही मालकाच्या आकारमानाप्रमाणे आहे: सूचना देऊनही ऐकले नाही तर आधी 400 पौंडांचा ठरावीक दंड, आणि त्यानंतरही नाहीच ऐकले तर एक ते चार माणसांच्या मालकाला दिवसाला 50 पौंड, तर पाचशे किंवा अधिक माणसांच्या मालकाला दिवसाला 10,000.

आता आपल्याकडच्या मालकाची बाजू. वीसपेक्षा कमी माणसे असणाऱ्याला स्वेच्छेने भविष्य निर्वाह निधीत येता येते. मालक आणि बहुसंख्य कामगार यांची संमती हवी, एवढीच अट जुन्या कायद्यात होती. अशा लहान आस्थापनांना बाराऐवजी दहा टक्के दराची सोयही आहे. समजा, जळगावातल्या एका दुकानात दरमहा 12,000 रुपयांवर तीन माणसे आहेत. मालकाचा दहा टक्के वाटा झाला 3,600 रुपये. ठेवसंलग्न विम्याचे, म्हणजे कामगाराच्या मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या विम्याचे, अर्धा टक्क्याने 180. प्रशासकीय आकारही अर्धा टक्का, म्हणजे 180 व्हायला हवा. पण किमान आकार महिन्याला 500 रुपये ठरलेला आहे, त्यामुळे त्याला 500 भरावे लागतात. दोनशे कामगारांच्या कारखान्याला त्याच पगारावर हा आकार माणशी 60 रुपये पडतो, आमच्या दुकानदाराला माणशी सुमारे 167. जो आपण होऊन पुढे आला त्याच्यावरच अधिक भार, हा प्रकार मला कधी समजला नाही. त्यातून दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत संगणकावर विवरणपत्र आणि चलन, उशीर झाला तर बारा टक्के व्याज आणि वर नुकसानभरपाईची वेगळी आकारणी. दुकानात कारकून नसतो, म्हणून हे काम आमच्यासारख्यांकडे येते आणि आमची फी वेगळी लागते. कर्तव्य वाढावे असे मी लिहितो आहे ते फीसाठी, असे कोणी म्हणेल. म्हणून आधीच सांगतो की जी पद्धत आमच्याशिवाय चालू शकणार नाही, ती एका माणसाच्या मालकावर लादूच नये.

मालकांचा दुसरा युक्तिवाद असा, की कामगारालाच हे नको असते. “माले रोख द्या,” हे उत्तर मीही ऐकले आहे, आणि ते खोटे नसते. ज्याने मुलीच्या लग्नासाठी किंवा विहिरीसाठी मालकाकडून उचल घेतली आहे, ज्याचा निम्मा पगार त्या उचलीत वळता होतो, त्याला तीस वर्षांनंतरच्या पेन्शनसाठी आज 1,200 रुपये कापू देणार का, असे विचारले तर तो नाहीच म्हणणार. पण हा प्रश्न विचारण्याची रीतच उलटी आहे. आपल्याकडे ‘यायचे का’ असे विचारतात, तिकडे आधी आत घेऊन ‘जायचे का’ असे विचारतात. आणि वर्गणी एक टक्क्यापासून, म्हणजे 12,000 वर 120 रुपयांपासून सुरू झाली तर जाण्याची घाई फारशी कोणी करत नाही. खान्देशात तर मालकाचा नुसता सूर ऐकून माणूस उत्तर बदलतो. गादीवर बसलेल्या शेटने ‘तुला कशाला ती भानगड’ एवढे म्हटले की विषय संपला. म्हणून बाहेर पडायला सुचवण्यावरची बंदी इथे तिकडच्यापेक्षा अधिक गरजेची आहे.

लहान दुकानांतल्या माणसांसाठी अटल पेन्शन योजना आणि श्रमयोगी मानधन योजना आहेतच की, असे सांगितले जाते. 2015 मध्ये आलेल्या अटल पेन्शनमध्ये साठीनंतर महिन्याला 1,000 ते 5,000 रुपये मिळतात. तिसाव्या वर्षी शिरणाऱ्याला 5,000 च्या पेन्शनसाठी महिन्याला 577 रुपये भरावे लागतात. 2019 च्या मानधन योजनेत महिन्याला 15,000 पर्यंत कमावणाऱ्या असंघटित कामगाराने, शिरण्याच्या वयाप्रमाणे, 55 ते 200 रुपये भरायचे, तेवढेच केंद्र सरकार भरते आणि साठीनंतर 3,000 रुपये मिळतात. दोन्ही योजना चांगल्या हेतूने आखलेल्या आहेत. पण दोन्हींत मालकाचे नाव कुठेही नाही, आणि दोन्हींतली पेन्शन आकड्यात बांधलेली आहे. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर तीस वर्षांनंतरचे 5,000 रुपये आजच्या सुमारे 1,150 रुपयांएवढे आणि 3,000 रुपये सुमारे 700 रुपयांएवढे ठरतात. राज्याच्या श्रावणबाळ योजनेतून पासष्टीनंतरच्या निराधाराला आजच 1,500 रुपये मिळतात. म्हणजे तीस वर्षे नेमाने पैसे भरणाऱ्याच्या हाती काहीही न भरणाऱ्यापेक्षा कमी किमतीची रक्कम पडण्याची शक्यता आहे. याउलट कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत पेन्शन शेवटच्या साठ महिन्यांच्या सरासरी पगारावर ठरते, त्यामुळे पगार वाढेल तशी तीही वाढते. अर्थात 15,000 च्या मर्यादेपर्यंतच, आणि ती मर्यादा सप्टेंबर 2014 पासून जागची हललेली नाही, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

एकच कामगार अनेक मालकांकडे थोडा थोडा काळ राबत असेल तर कर्तव्य कोणाचे, हा प्रश्न आपल्या भागात इंग्लंडपेक्षा मोठा आहे. कापसाच्या जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर काही महिनेच चालतो, मिरचीचे तसेच. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला एकाही घरातून पुरा पगार मिळत नाही. इथे मला इंग्रजांचा कायदाही अपुरा वाटतो. तिथे 10,000 पौंडांची अट प्रत्येक मालकाकडच्या कमाईला वेगवेगळी लावतात, त्यामुळे दोन ठिकाणी सात-सात हजार कमावणारी बाई आपोआप कुठेच धरली जात नाही. तिने स्वतः मागणी केली तरच. मोजायची ती कामगाराची एकूण कमाई, मालकाकडची नव्हे. आपल्याकडे आधार, जनधन खाते आणि आयुष्यभर एकच राहणारा निवृत्तिवेतन खाते क्रमांक असताना हे जमण्यासारखे आहे.

आणि यासाठी इंग्लंडपर्यंत जाण्याचीही गरज नाही, कारण महाराष्ट्राने हे काम 1969 मध्येच एका वर्गापुरते करून दाखवले आहे. माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्यानुसार बाजारातला हमाल कोणा एका व्यापाऱ्याचा नोकर नसतो. तो मंडळाकडे नोंदलेला असतो. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे जादा आकार, मंडळात भरतो, मंडळ हमालाला मजुरी देते आणि लेव्हीतून त्याचा भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), रजा, बोनस सांभाळते. त्या व्यापाऱ्याकडे किती माणसे आहेत, असे तिथे कोणी विचारत नाही. मंडळांच्या कारभाराविषयी व्यापाऱ्यांच्या आणि हमालांच्याही तक्रारी आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच खऱ्या आहेत. पण धान्याचे पोते उचलणाऱ्याला जे तत्त्व लागू झाले, ते त्याच आडतीवर पावती फाडणाऱ्या दिवाणजीला का लागू होऊ नये, याचे पटणारे उत्तर मला आजवर मिळालेले नाही. बाजार समितीच्या एकाच आवारात हमाल पेन्शनच्या दृष्टीने दिवाणजीपेक्षा सुरक्षित आहे, ही गोष्ट दिवाणजींच्याही सहसा लक्षात येत नाही.

सालदारांचा उल्लेख केल्यावाचून खान्देशातून लिहिलेले हे पत्र पुरे होणार नाही. पाडव्याला किंवा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरते, रक्कम ठरते, काही ठिकाणी वर धान्यही ठरते, आणि एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे असे करत माणूस म्हातारा होतो. शेतकरीच अडचणीत असताना त्याच्यावर आणखी बोजा नको, हे मला मान्य आहे; म्हणून सालदारांची पाळी शेवटी यावी आणि मालकाचा वाटा निदान अल्पभूधारकांच्या बाबतीत सरकारने उचलावा. पण वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दोन्ही बाजू समोरासमोर बसून व्यवहार ठरवतात अशी सोय दुसऱ्या कोणत्या धंद्यात आहे? नाव नोंदवायला त्याहून योग्य दिवस सापडणार नाही.

टप्पे कसे असावेत, याचाही विचार माझ्या परीने केला आहे. दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना राज्य कामगार विमा योजना आजच लागू आहे, त्यामुळे त्यांची पगारपत्रके तयारच असतात. तिथून सुरुवात करावी. पाच किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना महाराष्ट्र कामगार कल्याण निधीची वर्गणी जून आणि डिसेंबरमध्ये भरावी लागते, म्हणजे त्यांचीही नोंद सरकारदरबारी आहे. दुसरा टप्पा त्यांचा. पाचाखालचे मालक शेवटी. त्यांच्यासाठी मात्र विवरणपत्र, संकेतशब्द, डिजिटल स्वाक्षरी यांतले काहीही नसावे. भाजीवालाही आज ज्या सहजतेने मोबाइलवर पैसे घेतो, तितक्याच सहजतेने कामगाराचा क्रमांक टाकून मालकाचा आणि कामगाराचा वाटा एकदम भरता यावा, आणि दोघांनाही मराठीत पावती यावी. सुरुवातीला दोघांचा एक-एक टक्का पुरे. पहिली दोन वर्षे दंड नको, स्मरणपत्र पुरे.

यासाठी नवा कायदा करावा लागेल, संसदेचा वेळ लागेल, असे कोणी म्हणू नये. वीसपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनांनाही, दोन महिन्यांची पूर्वसूचना देऊन, राजपत्रातल्या अधिसूचनेने कायदा लागू करण्याचा अधिकार 1952 च्या कायद्यानेच केंद्र सरकारला दिला होता. आकडा दहावर आणण्याचे प्रस्तावही मधल्या काळात मांडले गेले आणि मागे पडले. जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार या आपल्या चारही मतदारसंघांच्या खासदारांनी नव्या संहितेखाली तो अधिकार कसा वापरला जाणार आहे, हे संसदेत विचारावे अशी माझी विनंती आहे. व्यापारी आणि उद्योजक संघटनांनी मात्र त्याची वाट पाहू नये. स्वेच्छेने येणाऱ्या लहान मालकाकडून घेतला जाणारा 500 रुपयांचा किमान आकार काढून टाकावा, एवढी एक मागणी त्यांनी लगेच लावून धरावी. हा आकार अधिसूचनेने ठरलेला आहे आणि अधिसूचनेनेच काढता येतो.

आपला,
एक कर सल्लागार, जळगाव